हिशेब कुणापुढे वाचायचा?

डिसेंबर उजाडला की बेळगाव तालुक्यात रविवार मोकळा मिळत नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमनी, निपाणीकडे गेलं तर कारदगा; जो तो गाव आपलं साहित्य संमेलन भरवून बसलेला. सकाळी ग्रंथदिंडी, पुढे लेझीम, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, मागे शाळेची पोरं. मग मांडवात उद्घाटन, पुण्या-कोल्हापूरहून आलेले पाहुणे, दुपारी पंगत, आणि पंगत अंगावर आल्यावर अर्धा मांडव पेंगत असताना कविसंमेलन. शहरातली काही मंडळी याला नाकं मुरडतात. मुरडोत बापडी. ज्यांच्या जमिनीचा उताराही कन्नडमध्ये निघतो त्या शेतकऱ्यांनी मराठी लेखकाच्या भाषणासाठी मांडव घालावा, ही मला तरी मोठी गोष्ट वाटते. फक्त माझी खोड अशी की सगळी नोकरी बँकेच्या काउंटरमागे गेली. मांडव दिसला की कवितेच्या आधी मांडववाल्याचं बिल डोळ्यांपुढे येतं.

ते बिल भरतं कोण? गावातली घरं. पावतीपुस्तक घेऊन चार पोरं आणि एखादे मास्तर दारात येतात. कुणी रोख देतं, कुणी तांदूळ देतं, किराणावाला साखर-चहापूड काढून ठेवतो, स्टेजचा खर्च एखादा सोसायटीचा चेअरमन उचलतो आणि त्या बदल्यात त्याचा फोटो फलकावर पाहुण्यांच्या फोटोपेक्षा मोठा येतो. वर्गणी ऐच्छिक असते असं म्हणायची पद्धत आहे. आकडा न लिहिणाऱ्याचं नाव गावात महिनाभर फिरतं ते वेगळं. तरी जिथे जुनी रीत टिकून आहे तिथे एक गोष्ट चोख होते. संमेलन झालं की काही दिवसांत देवळात बैठक बसते आणि जमाखर्च मोठ्याने वाचला जातो. शंभर रुपये दिलेला माणूसही उठून विचारतो, "साउंडवाल्याला एवढे कशाला दिलात ओ?" वादावादी होते, रुसवेफुगवे होतात. पण पैसे देणारे आणि हिशेब ऐकणारे तेच असतात.

शहरातल्या संस्थांचं तसं नाही. इथे पैसा चार वाटांनी येतो आणि हिशेब पाचव्याच दिशेला जातो.

बेळगावला संस्थांची वाण कधीच नव्हती. इथलं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं, म्हणजे मुंबई-ठाणे रेल्वे धावण्याच्याही आधीचं. अखिल भारतीय साहित्य संमेलन इथे १९२९ मध्ये शि. म. परांजपे यांच्या अध्यक्षतेखाली भरलं; १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते आणि त्याच संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, ठराव जिथे झाला तेच शहर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं. २००० साली य. दि. फडके अध्यक्ष म्हणून आले, २०१५ मध्ये नाट्यसंमेलन झालं तेव्हा फैय्याज. ही झाली मिरवायची नावं, आणि ती आम्ही मिरवतोही. अशा सोहळ्यांमागचा पैसा मात्र आता बदलला आहे. महाराष्ट्र सरकार अखिल भारतीय संमेलनाला देतं ते अनुदान अलीकडच्या वर्षांत ५० लाखांवरून २ कोटींवर गेलं. एवढी रक्कम कुणाच्याही पावतीपुस्तकातून आलेली नसते, ती करदात्याची असते. आणि करदाता देवळातल्या बैठकीला येऊन बसू शकत नाही.

आमच्या गल्लीतल्या वाचनालयाचा कोटींशी काही संबंध नाही. खाली दोन खोल्या पुस्तकं, वर एक सभागृह. सभागृहात बारशी होतात, साड्यांचा सेल लागतो, सकाळी योगासनं चालतात आणि वर्षातून एकदा व्याख्यानमाला होते. निवृत्तीनंतर एका वार्षिक सभेत अंतर्गत हिशेब तपासनिसाचं काम माझ्या गळ्यात पडलं. कुणीच हात वर करत नव्हतं आणि मी पहिल्या रांगेत बसले होते. पहिल्याच बैठकीत मी झेरॉक्सच्या एका खर्चाचं व्हाउचर मागितलं. कार्यवाह माझ्या दिरांच्या वर्गातले, घरी येणं-जाणं असलेले. ते म्हणाले, "वहिनी, ही संस्था प्रेमावर चालते. खरं तुम्ही व्हाउचर मागायलाय."

"प्रेमाचं नको भावजी, झेरॉक्सचंच द्या."

सगळे हसले. व्हाउचर पुढच्या बैठकीला आलं, तेही मळकट कागदावर पेन्सिलने लिहिलेलं.

इथे एक सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याचा गैरसमज होईल. हा माणूस चोर नाही. स्वतःच्या स्कूटरमध्ये स्वतःचं पेट्रोल घालून तो पाहुण्यांना स्टेशनवरून आणतो, पावसाळ्यात गळणाऱ्या कौलांखाली घमेली मांडतो, कपाटांना वाळवी लागली तेव्हा रविवारभर एकट्याने पुस्तकं झटकत बसला होता. अडचण हीच आहे. फुकट राबणाऱ्याला हिशेब मागितला की त्याला वाटतं, आपल्यावर आळ आला. आमच्याकडच्या बहुतेक संस्था अशाच प्रामाणिक माणसांच्या दुखावलेपणामुळे बेहिशेबी राहिल्या आहेत. आणि मग त्याच ढिलाईत कधीतरी एखादा खरोखरचा चोर आला, तर त्याला काहीच नवीन करावं लागत नाही. सगळी सोय आधीच करून ठेवलेली असते.

आमच्या लेटरहेडवर 'धर्मादाय संस्था' असं छापलेलं आहे. हे बिरुद कुठून येतं हे मी कार्यकारिणीत विचारलं, तेव्हा एकाने सोसायटीचं सर्टिफिकेट दाखवलं, दुसऱ्याने ट्रस्टचं, तिसरा म्हणाला ८०जी, म्हणजे देणगीदाराला करसवलत देणारं कलम, आहे म्हणजे झालं. तिघांचंही थोडंथोडं खरं होतं.

सोसायटीचं सर्टिफिकेट १९६० च्या कर्नाटक संस्था नोंदणी कायद्याचं. सात माणसं जमली की संस्था नोंदवता येते. दरवर्षी सर्वसाधारण सभा घ्यायची, आणि सभेनंतर १४ दिवसांत कार्यकारिणीची यादी आणि तपासलेला हिशेब निबंधकाकडे द्यायचा. हा निबंधक सहकार खात्यातला. त्याच्या टेबलावर पतसंस्थांच्या भानगडींचे ढीग. वाचनालयाने अहवाल दिला काय, न दिला काय, त्याला पाहायला सवड नसते. त्यामुळे वर्षानुवर्षं काहीच न भरायचं आणि कुठे अर्ज करायची वेळ आली की दंडासकट मागची सगळी वर्षं एका दमात भरून टाकायची, ही रीत पडून गेली आहे. याच कायद्याच्या २५ व्या कलमात सभासदासाठी एक दार ठेवलेलं आहे: एक-तृतीयांश सभासदांनी अर्ज केला तर निबंधकाला चौकशी करावीच लागते. दार चांगलं आहे. पण आमच्या आजीव सभासदांच्या यादीत कैलासवासी इतके की एक-तृतीयांश सह्या गोळा करायला स्मशानाकडून सुरुवात करावी लागेल.

ट्रस्टचं सर्टिफिकेट त्याहून मजेशीर. तो कायदा १९५० चा, मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात होतं. जिल्हा म्हैसूरला गेला तसा कायदाही जिल्ह्याबरोबर गेला, म्हणून बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार या जुन्या मुंबईच्या मुलखात धर्मादाय आयुक्त राहिला. विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट द्या, जागा विकायची तर आयुक्ताची परवानगी घ्या. जुन्या म्हैसूरकडच्या संस्थांना हा प्रकार ठाऊकच नाही. पुढे कर्नाटकाने १९९७ चा हिंदू धार्मिक संस्था आणि धर्मादाय कायदा केला, तो २००३ मध्ये अमलात आला, आणि त्यात रद्द करायच्या कायद्यांच्या यादीत या जुन्या कायद्याचंही नाव पडलं. त्यानंतर कुठल्या संस्थेला काय लागू यावर वकिलांची चांगली सोय झाली. महाराष्ट्रात तोच कायदा 'मुंबई'च्या जागी 'महाराष्ट्र' लावून जोरात चालू आहे. राज्यं भांडत राहिली, आणि दोघांच्या मधल्या संस्था कुठल्या देखरेखीखाली आहेत हे नीट सांगणारं कुणी उरलं नाही. काहींना ते सोयीचंही वाटतं, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

खरी भीती आहे ती तिसऱ्या कागदाची, प्राप्तिकराच्या. पूर्वी एकदा करमाफीची नोंदणी मिळाली की ती जन्माची असे. २०२१ पासून जुन्या संस्थांनाही नव्याने अर्ज करायला लावले, १२एबी या कलमाखाली, आणि पुढे ठराविक वर्षांनी पुन्हा. मुदत इतक्या वेळा वाढली की शेवटची तारीख ३० जून २०२४ पर्यंत लांबली. तरी गाफील राहिलेल्या छोट्या संस्था राहिल्याच. नोंदणी गेली किंवा वेळेत अर्ज झाला नाही तर काय होतं, हे आमच्या सीएने सांगितलं तेव्हा बैठकीत पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. संस्थेच्या मालमत्तेचा बाजारभाव काढायचा, देणी वजा करायची, आणि उरेल त्यावर सगळ्यात वरच्या दराने कर. ज्यांची शिल्लक व्याख्यानमालेनंतर संपते, पण इमारत मात्र भर बाजारात उभी आहे, अशा संस्थांनी हा कर कशातून भरायचा? पुस्तकं विकून?

साड्यांच्या सेलचीही एक गोष्ट आहे. वाचनालय म्हणजे शिक्षण, असं आपण सहज म्हणून जातो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये शिक्षणाचा अर्थ शाळा-कॉलेजातल्या पद्धतशीर शिक्षणापुरता आखडला. मग वाचनालय, नाट्यस्पर्धा, व्याख्यानं हे 'सर्वसाधारण लोकोपयोगी काम' या खात्यात जाऊन पडतं, आणि त्या खात्याला अट अशी की धंद्यासारख्या व्यवहाराची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या पुढे जाता कामा नये. सभागृहाचं भाडं हा धंदा की मालमत्तेचं उत्पन्न यावर सीए लोक घोळ घालत बसतात. आमच्याकडे तो प्रश्न निघालाच नव्हता, कारण भाड्याची बरीचशी रक्कम 'देणगी' म्हणून पावती फाडून घेतली जायची. सेलवाल्याला तेच हवं असायचं आणि आम्हालाही. आता २ हजारांवरच्या रोख देणगीला ८०जीची सवलत नाही, देणगीदारांची यादी दरवर्षी ३१ मेपर्यंत पोर्टलवर चढवावी लागते, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्याने कलमांचे आकडे बदलले, डोकेदुखी तीच.

आता हे सगळे कागद जातात कुठे ते बघा. निबंधकाकडचे कागद कन्नडमध्ये. प्राप्तिकराचा १०बीबी, म्हणजे हिशेब तपासणीचा फॉर्म, इंग्रजीत, सीएच्या कॉम्प्युटरवरून थेट पोर्टलवर. एका वर्षी पुस्तकांसाठी मुंबईहून थोडं अनुदान आलं होतं, त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र मराठीत, पण मंत्रालयाच्या मराठीत, 'प्रयोजनार्थ' आणि 'विनियोग' यांच्या बंदोबस्तात. सभासदाच्या हातात पडतात अहवालाची शेवटची दोन पानं, बारीक टायपातली, ज्यात सगळ्यात जाड आकडा 'इतर खर्च' या नावापुढे असतो. तीन कचेऱ्यांना तीन भाषांत हिशेब देणारी आमची संस्था वर्गणीदाराला त्याच्या भाषेत काहीच सांगत नव्हती. आणि ही मराठीसाठी काढलेली संस्था.

घरपट्टी भरायला गेले होते, तेव्हा पावती नीट वाचली. घरपट्टीवर उपकर लागतात: आरोग्याचा १५ टक्के, ग्रंथालयाचा ६ टक्के, भिकाऱ्यांच्या पुनर्वसनाचा ३ टक्के. ग्रंथालय आणि भिकारी एकाच पावतीवर शेजारी शेजारी पाहून आमच्या कार्यवाहांना फार आनंद झाला असता. तर हा ६ टक्क्यांचा उपकर १९६५ च्या कर्नाटक सार्वजनिक ग्रंथालय कायद्याचा. नगरपालिका, महानगरपालिका तो गोळा करतात आणि ग्रंथालय खात्याच्या हवाली करायचा असतो. राज्यभरात तो वसूल होऊनही पोचता होत नाही, ही तक्रार जुनी आहे. म्हणजे बेळगावातलं प्रत्येक मराठी घर वाचनालयासाठी कर भरतं, तो सरकारी ग्रंथालयासाठी, आणि शिवाय गल्लीतल्या वाचनालयाची वर्गणी वेगळी भरतं. या करातून मराठी पुस्तकांची खरेदी किती झाली, हा प्रश्न विचारायचा आपला हक्क आहे. आपण तो आंदोलनात विचारतो, अर्ज लिहून कधी विचारत नाही.

महाराष्ट्राची तऱ्हा उलटी. तिथल्या १९६७ च्या कायद्यात उपकर नाही. खासगी संस्थांनी चालवलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे दर्जे आणि त्याप्रमाणे अनुदान. वेंगुर्ला रस्त्याने निघालं की बाचीनंतर शिनोळी लागते, चंदगड तालुका, कोल्हापूर जिल्हा. हद्दीच्या त्या बाजूच्या मान्यताप्राप्त वाचनालयाला ग्रंथपालाचा पगार थोडाफार अनुदानातून निघतो, या बाजूच्या वाचनालयाला पावतीपुस्तक. आमचे लोक हे उदाहरण प्रत्येक भाषणात देतात. पुढचं मात्र सांगत नाहीत. २०१२ मध्ये महाराष्ट्राने महसूल यंत्रणेकडून सगळ्या अनुदानित वाचनालयांची पडताळणी केली, तेव्हा नुसती पाटी असलेली, कुलूपबंद, पुस्तकांऐवजी रजिस्टरं सांभाळणारी वाचनालयंही सापडली. अनुदान आलं की वाचक येतोच असं नाही, हे त्या बाजूने आधीच करून दाखवलेलं आहे.

सीमेपलीकडून येणाऱ्या पैशाला इथे वेगळा वास येतो. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सीमाभागातली ८६५ मराठी गावं महाराष्ट्रात यावीत असा ठराव केला, त्यानंतर महात्मा फुले जन आरोग्य योजना इथल्या लोकांना लागू केली, त्यावर कर्नाटकाने हरकत घेतली. दवाखान्याच्या बिलावर इतकं रामायण, तर साहित्य संस्थेला आलेल्या चेकवर काय होईल? एकाने मला गंभीरपणे विचारलं होतं, परदेशी देणगीचा परवाना लागतो का म्हणून. अजून तरी कोल्हापूर परदेशात गेलेलं नाही, असं मी त्याला सांगितलं. पण त्याची भीती उगाच नव्हती. पलीकडून पैसा आला की अलीकडे संशय, आणि अलीकडचं सरकार आपल्या सीमाभाग प्राधिकरणामार्फत कन्नड संस्थांना मदत देतं तेव्हा आमच्याकडे संशय. दोन्ही सरकारं भाषेसाठी देतात असं म्हणतात, दोघांचंही अर्धं लक्ष नकाशावर असतं.

याच भीतीतून आमच्या संस्थांना एक सवय लागली. हिशेब मागणारा माणूस आधी कुणाचा, हे बघायचं. मी एकदा दुसऱ्या एका संस्थेच्या सभेत सोहळ्याच्या खर्चाबद्दल विचारलं. व्यासपीठावरून उत्तर आलं, "बाई, हे प्रश्न आत्ता विचारून तुम्ही कुणाचा फायदा करताय?" टाळ्या पडल्या. मंडपवाल्याचा आकडा राहिला तिथेच. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत केटररच्या बिलाचा निकाल लावायचा नाही, असं ठरलं आहे काय? लोकांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले, ते काही कुणाचं जमाखर्चाचं पुस्तक झाकायला नव्हे. मला तर उलट वाटतं. ज्या संस्थेवर सरकारची वाकडी नजर आहे तिनेच आपली वही सगळ्यात स्वच्छ ठेवायला हवी. कारण ज्या दिवशी खरोखर चौकशी लागेल, त्या दिवशी पेन्सिलीतलं व्हाउचर हातात घेऊन 'आमच्यावर भाषिक अन्याय' असं ओरडता येणार नाही.

आणि चौकशी फक्त मराठी संस्थांचीच होते असंही नाही. कन्नड साहित्य परिषद १९१५ ची, सरकारची लाडकी, तिच्या संमेलनांना सरकारी कोटी मिळतात. २०२५ मध्ये तिच्याच कारभाराची चौकशी कर्नाटक सरकारने याच १९६० च्या कायद्याखाली लावली. त्यात राजकारण किती आणि हिशेब किती यावर कन्नड लोकांत दोन तट आहेत. आमच्या काही लोकांना ती बातमी वाचून गुदगुल्या झाल्या. मला झाल्या नाहीत. तिथेही सभासद बाजूलाच राहिले आणि भांडण अध्यक्ष विरुद्ध सरकार असं झालं.

माहिती अधिकाराचं नाव काढलं तरी आमच्या बैठकीत खुर्च्या सरकतात. २००५ चा तो कायदा सरकारी पैशावर भरीव प्रमाणात चालणाऱ्या खासगी संस्थांनाही लागू पडतो. भरीव म्हणजे किती? २०१९ मध्ये डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निम्म्याहून जास्तच हवा असं काही नाही. शहरात फुकट किंवा मोठ्या सवलतीत मिळालेली जमीन हाही भरीव आधार ठरू शकतो. हे वाक्य ऐकल्यावर ज्या संस्थांची इमारत पालिकेच्या किंवा सरकारच्या जागेवर नाममात्र भाडेपट्ट्याने उभी आहे त्यांनी आपला भाडेपट्टा काढून वाचावा. सरकारी पैशाचा हिशेब तपासणाऱ्या महालेखापालांचा प्रश्न आपल्याला नाही: १९७१ च्या कायद्यात त्यांच्या तपासणीसाठी वर्षाला किमान २५ लाखांचं अनुदान आणि तेही एकूण खर्चाच्या ७५ टक्के, असा उंबरठा आहे. आपण त्याच्या फार खाली. मोठ्यांना महालेखापाल, गावच्या संमेलनाला देवळातली बैठक, आणि मधल्या आमच्यासारख्यांना नुसती स्वतःची लाज. ती ज्यांना आहे त्यांचं चालतं.

यंदा मी कार्यकारिणीपुढे एवढंच ठेवलं: वार्षिक सभेच्या आधी जमाखर्च एका पानावर, मराठीत, जाड अक्षरात, खाली वाचनालयाच्या फळ्यावर लावायचा. 'इतर खर्च' फोडून लिहायचा. सभागृहाचं भाडं भाडं म्हणूनच दाखवायचं. अनुदान आलं असेल तर कुठून, कशासाठी आणि त्यातलं काय उरलं. तासभर खल झाला. एकाला वाटलं विरोधक फोटो काढून नेतील. दुसऱ्याला वाटलं मान्यवरांचं मानधन उघड झालं तर पुढच्या वर्षीचे मान्यवर नाराज होतील, आणि यात तथ्य होतं, कारण दोन वक्त्यांना दिलेल्या पाकिटांत बराच फरक होता. खजिनदार गप्प होते. शेवटी तेच म्हणाले, "लावूया की. नाहीतरी वाचतंय कोण?"

पान लागलं. पहिले काही दिवस त्यांचं म्हणणं बरोबर ठरलं. लोक पेपर वाचून जात होते. मग स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला रोज सकाळी येऊन बसणाऱ्या एका मुलीने अर्ज दिला. वहीच्या फाडलेल्या पानावर, संस्थेच्या कार्यवाहांना उद्देशून. तिचे प्रश्न दोन होते. सभागृहाचं भाडं एवढं येतं तर अभ्यासिकेतले दोन पंखे उन्हाळ्यापासून बंद का? आणि गेल्या वर्षीच्या पुस्तक खरेदीच्या आकड्यात अहवालांची छपाई कशी काय धरली?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणालाच देता येईना. छपाई पुस्तकांच्या खात्यात टाकायची हे कधीपासून चालू आहे, याचा छडा लावायला जुनी वही काढावी लागली, तिथे मागच्याच्या मागच्या खजिनदारांचं अक्षर सापडलं. अर्ज पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेतला आहे. पंख्यांसाठी इलेक्ट्रिशियनला फोन झाला. कार्यवाह भावजी माझ्याशी जेमतेम बोलतात, परवा बाजारात भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "वहिनी, आता दरवर्षी हे लावायचं काय?"

मी म्हटलं, सभेत ठराव मांडते, तुम्ही अनुमोदन द्या.